नागमोडी रेघेची हिंमत

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं काढलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळी हस्तलिखितं ताडून प्रत्येक ठिकाणचा पाठ (मूळ शब्द) ठरवलेली प्रत, चाळताना काही शब्दांखाली एक बारीक नागमोडी रेघ दिसते. तिचा अर्थ संपादकांनी सांगून ठेवलेला आहे : हस्तलिखितांच्या पुराव्यावरून हा पाठ आम्ही स्वीकारला, पण त्याबद्दल आमची पुरती खात्री नाही. खात्री नसलेला शब्द त्यांनी गाळला नाही, त्याच्यापायी खंड अडवून ठेवला नाही आणि खात्री असल्याचा आवही आणला नाही. रेघ मारली आणि काम छापायला दिलं.

कार्यालयातल्या नेतृत्वाबद्दल बोलायचं झालं की हल्ली जपानी कारखाने आणि अमेरिकी कंपन्या लगेच तोंडावर येतात. मला मात्र या विषयासाठी पुण्याबाहेर जायची गरज वाटत नाही. साहेबलोकांच्या एका सवयीबद्दल मला तक्रार करायची आहे : काम अगदी निर्दोष झाल्याशिवाय टेबलावरून हलू द्यायचं नाही. या सवयीला सबळ निमित्त जर कुठे असेल, तर ते महाभारताच्या त्या कामात होतं. लक्षश्लोकी म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ, शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्यांमधली हस्तलिखितं, प्रत्येकात पाठ वेगळा, आणि चूक झालीच तर दाखवून द्यायला जगभरचे विद्वान टपलेले. तिथे कुणी ‘अजून थोडं थांबू’ म्हणाला असता तर त्याला कोण दोष देणार होतं?

थांबून खरं तर झालंच होतं. अशा आवृत्तीची गरज युरोपातले संस्कृत पंडित मॉरित्स विंटरनित्स यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती. युरोपातल्या अकादम्यांनी विषय हाती घेतला. १९०८ मध्ये जर्मन संस्कृत पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी आदिपर्वाच्या सुरुवातीचा अठरा पानांचा छापील नमुना तयार केला. पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि तो बेत तिथेच विरला. युद्धाचा दोष विद्वानांच्या माथी मारता येत नाही, पण अकरा वर्षांत अठरा पानं हा हिशेबही नजरेआड करणं कठीण आहे.

पुण्यात गोष्टी वेगळ्या घडल्या. भांडारकर संस्था १९१७ ची. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ मध्ये या कामासाठी लाख रुपयांचं आश्वासन दिलं आणि १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हातून आरंभ झाला. चार वर्षांनी, १९२३ मध्ये, नारायण बापूजी उत्गीकर यांनी विराटपर्वाची एक आवृत्ती काढली. ती तात्पुरती आहे असं तिच्या मुखपृष्ठावरच जाहीर केलं होतं. प्रती देशोदेशीच्या संस्कृत पंडितांना फुकट वाटल्या आणि आमची पद्धत कशी वाटते ते मोकळेपणानं कळवा, अशी विनंती केली. पुढे १९३६ मध्ये रघु वीर यांनी विराटपर्व नव्यानं संपादित केलं आणि १९२३ ची आवृत्ती मागे पडली. ती त्यासाठीच काढली होती.

आजच्या कुठल्याही विभागप्रमुखाला हे सांगून पाहा. एवढं खपून केलेलं काम ‘कच्चं’ असा शिक्का मारून जगापुढे ठेवायचं, लोकांना त्यात चुका काढायला लावायचं आणि पुढे ते स्वतःच मोडीत काढायचं! संस्थेची लाज गेली, असं म्हणत तो पहिल्याच बैठकीत हा ठराव हाणून पाडेल.

ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेले आणि बर्लिनला त्याच ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेले. काटेकोरपणात कुणाला हार जाणारे नव्हते, म्हणून तर त्यांचा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. दोन वर्षांत, १९२७ मध्ये, आदिपर्वाचा पहिला भाग बाहेर पडला. अख्खं पर्व हाती येईपर्यंत १९३३ उजाडलं, पण मधल्या काळात भाग येत राहिले, लोक वाचत राहिले आणि बोलत राहिले.

बोलणाऱ्यांत सिल्व्हाँ लेवी होते. फ्रान्समधले त्या काळचे एक मोठे भारतविद्यातज्ज्ञ. त्यांचा सल्ला असा की जुना पाठ सिद्ध करण्याच्या फंदात पडू नका, जुना टीकाकार नीळकंठ याची प्रचलित संहिता छापा आणि खाली पाठभेद द्या. एवढ्या मोठ्या माणसानं सुरुवातीलाच असं म्हटल्यावर अनेकांनी काम वर्षभर स्थगित ठेवून फेरविचार समिती नेमली असती. सुकथनकरांनी सल्ला मानला नाही आणि दडवलाही नाही. १९३३ च्या प्रदीर्घ प्रस्तावनेत त्याला उत्तर दिलं आणि ते देताना आपल्या कामाची हद्दही आखून घेतली. मूळ महाभारत सापडल्याचा आमचा दावा नाही, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितकं मागे जाता येतं तितका जुना पाठ आम्ही देतो आहोत, ही त्यांची भूमिका. टीका आली नसती तर ही हद्द इतकी स्पष्ट लिहिली गेली असती का, याची मला शंका आहे. आणि टीका आली, कारण पहिला भाग बाहेर आला होता.

मग नेपाळचं प्रकरण. आदिपर्व छापून झालं आणि नेपाळमधून त्याच पर्वाचं अधिक जुनं हस्तलिखित हाती आलं. ज्याला शेवटचा शब्द आपलाच हवा असतो, त्याच्यासाठी याहून वाईट बातमी नाही. सुकथनकरांनी त्या पोथीवर सविस्तर लेख लिहून ती विद्वानांपुढे ठेवली. त्यांच्या बऱ्याच निवडींना तिच्यातून पाठबळच मिळालं. समजा मिळालं नसतं, तरी काय बिघडलं असतं? कुठल्या पुराव्यावर कुठला शब्द घेतला आणि कुठे खात्री नव्हती, हे पानापानावर छापलेलं होतं. दुरुस्ती कुठे करायची ते पुढच्याला शोधत बसावं लागलं नसतं.

कामाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. उद्योगपर्व ढाक्याच्या सुशील कुमार डे यांच्याकडे, सभापर्व अमेरिकेत येल विद्यापीठातल्या फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे. बंगाली हस्तलिखितं ताडून पाहायचं काम शांतिनिकेतनात, दक्षिणेकडच्या लिप्यांचं तंजावरला. समुद्रापलीकडे बसलेल्या संपादकाचा प्रत्येक अनुस्वार स्वतः तपासायचा हट्ट प्रमुखानं धरला असता, तर सभापर्व आजही टपालातच असतं.

२१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर गेले, वयाच्या ५५ व्या वर्षी. तेव्हा अठरा पर्वांपैकी आदि, विराट, उद्योग आणि आरण्यक ही चारच पूर्ण झाली होती. संस्थेनं बेलवलकरांना प्रमुख केलं, त्यांच्यानंतर १९६१ मध्ये प. ल. वैद्य आले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. ४७ वर्षं, तीन मोठे संपादक. चौदा पर्वं बाकी असताना प्रमुख जातो आणि काम थांबत नाही, याहून मोठा पुरावा नेतृत्वाबद्दल मला माहीत नाही. आपल्याकडे एरवी मोठा माणूस गेला की मागे कपाटभर टिपणं आणि एक स्मृतिग्रंथ उरतो. इथे पद्धत छापून ठेवलेली होती, नमुना म्हणून चार पर्वं फळीवर होती, पुढच्यानं पाचवं उघडायचं.

आता मंत्रालयात या, किंवा एखाद्या विद्यापीठात, जिल्हा परिषदेत, बँकेच्या विभागीय कार्यालयात. नस्ती, म्हणजे फाइल, वर जाते आणि ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली येते. चर्चेला साहेबांना वेळ नसतो. वेळ मिळाला की एक नवा मुद्दा निघतो, टिप्पणी पुन्हा लिहिली जाते, वर जाते, आणि या खेपेला तिसऱ्या परिच्छेदातला एक शब्द बदलून परत येते. मग आणखी एका विभागाचे अभिप्राय मागवायचे ठरतात. हे सगळं ‘काम चोख हवं’ या नावाखाली चालतं, आणि असे शेरे मारणाऱ्या अधिकाऱ्याची ‘फार बारकाईनं बघतात’ अशी ख्याती होते. त्यांच्या निरोप समारंभात हे वाक्य हमखास ऐकू येतं.

ही बारकाई कशासाठी असते? माझं मत असं की बहुतेक वेळा ती कामाच्या दर्जासाठी नसते, सहीच्या बचावासाठी असते. चुकीच्या निर्णयाला कर्ता असतो, त्याचं नाव, दिनांक, पदनाम कागदावर असतं. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, चौकशी लागते, निवृत्तिवेतन अडकतं. न घेतलेल्या निर्णयाला कर्ताच नसतो. आठ महिने रखडलेल्या फायलीवर दहा जणांच्या सह्या असतात आणि दहाही जणांनी वाजवी शंकाच काढलेल्या असतात. तेव्हा अधिकारी वेडे नाहीत. ज्या व्यवस्थेत चूक महाग आणि दिरंगाई फुकट आहे, तिथे शहाणा माणूस दिरंगाईच निवडतो. किंमत मोजतो तो काउंटरच्या पलीकडचा. वारस नोंदीसाठी हेलपाटे घालणारा, जात पडताळणीच्या प्रमाणपत्रावाचून प्रवेश लटकलेला, शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी मिळेल म्हणून या वर्षीची फी उसनवारीवर भरणारा. फाइल निर्दोष झाल्याचा लाभ एकाला आणि भुर्दंड दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे.

खाजगी कंपन्या यातून सुटल्यात असं समजण्याचं कारण नाही. तिथे फाइलीच्या जागी प्रेझेंटेशन असतं, एवढंच. रात्री अकरा वाजता मॅनेजरचा मेसेज येतो, सातव्या स्लाइडचा रंग बदला. ग्राहकाला मागच्या आठवड्यात दाखवता आलं असतं ते काम अजून घरातच रिव्ह्यू होत असतं, आणि शेवटी दाखवल्यावर ग्राहक म्हणतो की आम्हाला हे नकोच होतं. उत्गीकरांची तात्पुरती प्रत वाटणारी संस्था इथे शहाणी ठरते : पद्धत चुकली असेल तर ते पहिल्या पर्वाला कळलेलं बरं.

याहून खोल नुकसान मला दुसरीकडे दिसतं आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. निर्दोषपणाचा हट्ट धरणारा साहेब हाताखालची माणसं निष्काळजी करतो. हे उलटं वाटेल, पण कुठल्याही ऑफिसात आठवडाभर बसून पाहा. साहेब सगळं बदलणारच आहेत हे ठाऊक असलं की कनिष्ठ सहायक आकड्यांची बेरीज पुन्हा करून बघत नाही. कशाला बघेल? त्याच्या कागदाचं वरच्या टेबलावर नवं लिखाण होणारच आहे. शेवटी एकटे साहेब बेरजा तपासत बसतात, ‘माझ्याशिवाय इथे काही धड होत नाही’ असं घरी जाऊन सांगतात, आणि ते खरंही असतं. ती स्थिती त्यांनीच वर्षानुवर्षं घडवलेली असते. याउलट ज्याला सांगितलेलं असतं की हा भाग तुझा, तुझ्या नावानं जाणार, शंका असेल तिथे खूण कर, तो माणूस बेरीज दोनदा करतो. खूण करायची परवानगी मिळाली की खोटी खात्री दाखवायचं कारण राहत नाही. हाताखालच्या माणसाकडून खरी माहिती मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे आधीच ‘चालतंय की’ची साथ आहे. रस्ता वर्षभरात उखडतो, पाइपलाइन उद्घाटनाच्या दिवशी फुटते, आणि तुम्ही अपुऱ्या कामाची वकिली करताय?

कोकण रेल्वेकडे पाहू. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख. रोहा ते मंगळूर हा सगळा मार्ग एकदम खुला करायचा असं त्यांनी धरून ठेवलं नाही. मार्च १९९३ मध्ये मंगळूर–उडुपी टप्प्यावर गाडी धावली, मग इतर टप्पे एकेक करून जोडले गेले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला. इथवर ही माझ्या बाजूची गोष्ट आहे. पण २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली, आणि वर्ष उलटायच्या आत, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. ही गोष्ट माझ्या बाजूची नाही, आणि ती वगळून हा लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं.

त्यानंतर महामंडळानं जे केलं ते आज कोकणात जाणारा प्रत्येक प्रवासी अनुभवतो. डोंगर कापून केलेल्या कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्यात गस्त वाढवली आणि दरवर्षी जून ते ऑक्टोबर या काळासाठी वेगळं, संथ वेळापत्रक लावलं. अतिवृष्टीत समोरचं नीट दिसत नसेल तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, असा चालकांना आदेश असतो. गाडी उशिरा पोचते म्हणून आपण कुरकुरतो खरं. पण ते वेळापत्रक म्हणजे एका सार्वजनिक संस्थेनं छापून दिलेली कबुली आहे की या महिन्यांत या डोंगरांची आम्हाला पुरती खात्री नाही. प्रत्येक दरड कायमची पक्की होईपर्यंत मार्ग बंद ठेवला असता तर कोकण अजून एसटीच्या रातराणीवरच असतं. आणि खात्री नसताना पूर्ण वेगानं गाडी हाकली तर काय होतं ते २००३ मध्ये दिसलं. ही सावधगिरी पहिल्या पावसापासूनच का नव्हती, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

तेव्हा ‘चालतंय की’ आणि टप्प्याटप्प्यानं पुढे जाणं यांत फरक आहे तो या रेघेचा. ठेकेदार रस्ता अपुरा करतो आणि पूर्ण झाल्याचा दाखला घेतो. अपुरेपणाहून तो दाखला जास्त घातक. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, विमानाच्या देखभालीत, पुलाच्या खांबात तडजोड नको, हे सांगायला माझी गरज नाही. पण कार्यालयातल्या ज्या कागदांवर आपण महिने घालवतो, त्यांतले कितीसे पुलाचे खांब असतात?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तोही पुण्यातलाच. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या बृहत्कोशाचं काम १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या नोंदींच्या जवळजवळ कोटीभर चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग छापून यायला १९७६ साल लागलं, आणि त्यानंतरच्या तिसाहून अधिक खंडांतही ‘अ’ हे पहिलंच अक्षर चालू आहे. यावर विनोद करणं सोपं आहे, मी करणार नाही. ऋग्वेदापासून पुढची हजारो वर्षं एका शब्दाचे अर्थ कसे बदलले हे दाखवायचं असेल, तर हाताशी सगळ्या चिठ्ठ्या असल्याशिवाय ‘अंश’सुद्धा लिहिता येत नाही. काही कामांचा वेग त्यांच्या स्वभावातच असतो, आणि माणसं पुरवायची जबाबदारी सरकारनं किती पाळली हाही हिशेब त्यात धरायला हवा. तरीही त्या पहिल्या २८ वर्षांबद्दल मला राहून राहून वाटतं की अर्ध्या ग्रंथांच्या आधारे, अपुरा म्हणूनच सांगितलेला एखादा छोटा कोश मधेच निघाला असता, तर अभ्यासकांच्या दोन पिढ्यांना तो वापरता आला असता. जाणकार यावर मला खोडून काढतील. काढावं.

सरकारी कामाबाबत आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा २००५ चा एक अधिनियम आहे, बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा. बोलीभाषेत दप्तर दिरंगाई कायदा. त्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे नस्ती कामकाजाचे सात दिवस, तातडीची असेल तर चार दिवस आणि अतितातडीची असेल तर एकच दिवस राहू शकते. हेतू उत्तम. पण हा नियम नस्ती एका टेबलावर किती दिवस राहिली ते मोजतो. ती त्याच टेबलावर कितीव्यांदा आली, हे मोजत नाही. सहाव्या दिवशी एक त्रुटी काढून ती खाली पाठवली की अधिकारी नियमात बसतो. पुढच्या वेळी दुसरी त्रुटी. पहिल्याच खेपेला दिसणाऱ्या चार त्रुटी चार खेपांना विभागून काढणारा माणूस कागदोपत्री तत्पर ठरतो.

म्हणून मागणी लहानशीच आहे. एका प्रकरणात सगळ्या त्रुटी पहिल्याच खेपेला लिहून द्याव्यात, आणि नंतर सुचलेल्या शंकेसाठी नस्ती न अडवता ती शंका नोंदवून निर्णय पुढे जावा, पुढे चूक आढळली तर दुरुस्त करण्याची मुभा ठेवून. शंका लेखी नोंदवून सद्हेतूनं घेतलेल्या निर्णयाला चौकशीत संरक्षण मिळावं, नाहीतर कुणी रेघ मारायला धजणार नाही. आणि वार्षिक गोपनीय अहवालात एक रकाना वाढवावा : या अधिकाऱ्याकडून एकच नस्ती दोनपेक्षा जास्त वेळा परत गेली, अशी प्रकरणं किती. त्यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही. जिथे ई-ऑफिस आलंय तिथे फाइल कुणाकडून कुणाकडे, कधी आणि कितव्यांदा गेली याची नोंद आपोआप होत असते. ती नोंद मार्च महिन्यात कुणीतरी उघडून पाहायची, एवढंच काम शिल्लक आहे.